दुसऱ्या भागातला एकच पार्ट

आमच्या कुरखेड्यात माणसाची ओळख धंद्यावरून होत नसे, नाटकातल्या पार्टवरून होत असे. दिवाळीनंतर धान घरात यायला लागलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरायची, आणि मंडईच्या रात्री नाटक नसेल तर पाहुण्यांना तोंड दाखवायची सोय नव्हती. माझा मोठा भाऊ राइस मिलमध्ये मशीनवर होता, पण बाजारात कुणालाही विचारलं तर तो म्हणायचा, “तो ना? हिरो.” दरवर्षी शेवटच्या अंकात तलवार लागून दादा मरायचा, तोही घाई न करता. मग मागच्या रांगांतून ‘वन्स मोअर’चा ओरडा व्हायचा. दादा उठायचा, धोतराची धूळ झटकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. आईला हे बघवत नसे, ती पहिल्या मरणानंतरच घरी निघून यायची.

पार्टाचा आमच्याकडे एक कडक नियम होता. एकदा दिलेला पार्ट त्या माणसाचा. तो तापाने फणफणला तरी दुसरा त्याला हात लावत नसे. अगदीच नाइलाज झाला तर पडदा उघडण्याआधी माइकवरून जाहीर माफी मागून बदली नट उभा करायचा, आणि त्या माफीची चर्चा पुढच्या मंडईपर्यंत चालायची. बायकांचे पार्ट करायला नागपूरहून नट्या यायच्या. माझ्या वहिनीला दादाचा पार्ट तर पाठ होताच, समोरच्या प्रत्येकाचाही होता, कारण घरी तालमीत प्रॉम्प्टिंग तीच करायची. भात ढवळता ढवळता खलनायकाचं वाक्य फेकायची आणि दादा अडखळला की पुढचा शब्द पुरवायची. तिने स्टेजवर जाऊ नये असं कुणीही कधी म्हटलं नव्हतं. ती जाऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी नागपूरला होस्टेलवर राहत होतो. एका मित्राकडे त्याच्या मामाने परदेशातून पाठवलेला कॉम्प्युटर होता. म्हणजे नुसता कळांचा डबा, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून कॅसेट लावायची. मित्राला नवा मिळाला, तेव्हा मी माझी सायकल त्याला देऊन जुना डबा घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीच्या सीटवर मांडीत धरून घरी आणला. कॅसेट चालू झाली की असा काही चिरका आवाज निघायचा की पहिल्या दिवशी शेजारचे टेलर चाचा धावत आले. त्यांना वाटलं, आमच्या घरात मांजर अडकलंय.

मित्राने दिलेल्या कॅसेटवर एक खेळ होता. त्यात चित्र नव्हतं, फक्त इंग्रजी अक्षरं. चार जणांची टोळी जंगलातून एका हरवलेल्या किल्ल्याकडे निघते: एक योद्धा, एक चोर, एक जादूगार आणि एक वैद्य. मी वाक्य वाचून मराठीत सांगायचो, मग कुणी काय करायचं ते ठरवून कळ दाबायची. चार नावं ऐकली आणि दादा ताठ बसला.

“म्हणजे पार्टवाटप आहे,” तो म्हणाला.

झालं. रीतसर चटई अंथरून पार्टवाटप झालं. योद्धा कोण हे विचारायचीही गरज नव्हती. चाचांनी स्वतःहून हात वर केला. “चोर मैं. वैसे भी सब बोलतेच हैं कि टेलर कपड़ा मारता है.” मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका वसाहतीतले मास्तर आमच्या शाळेत बदलून आले होते. जादू बंगाल्यांचीच, असं सर्वानुमते ठरून त्यांना जादूगार केलं. ते गणित शिकवायचे. वैद्याचा पार्ट कुणालाच नको होता, कारण त्याला तलवारही नव्हती आणि डायलॉगही नव्हते. दादाने दाराकडे बघून हाक मारली, “अवं, तू बस इथी. कोणी नाई भेटून राह्यलं.”

वहिनी पदराला हात पुसत आली आणि बसली. तिला आयुष्यात मिळालेला तो पहिला पार्ट.

आता आमचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचा पार्ट, त्यानेच कळ दाबायची. टोळी कुलूपबंद दारापाशी पोचली की कुणीतरी बाजारात पळायचं. चाचा शिलाई मशीन थांबवून, गळ्यात टेप तसाच ठेवून यायचे, एक कळ दाबायचे, दार उघडलं की मान डोलवायचे आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजकडे परत जायचे. मास्तरांच्या पेपर तपासणीच्या काळात तर आमची टोळी एका भुयारात ताटकळत बसली होती. मधे दोन दिवस नागपूरला गेलो तेव्हा मला कळलं की हा खेळ एकच पोरगा एकटा बसून खेळतो, चौघांच्या कळा तोच दाबतो. मी घरी येऊन सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना.

“एकटाच चारही पार्ट करते?” दादा म्हणाला. “मंग मंडळ कायले म्हणाचं त्याले?”

वहिनी मात्र बघता बघता तयार झाली. दादा पुढे घुसायचा, मार खायचा आणि “औषध!” म्हणून गरजायचा. ती पिठाची बोटं बाजूला धरून नुसत्या पेराने कळ दाबायची आणि दादा उभा राहायचा. कुठल्या झुडपाचं पान जखमेला आणि कुठलं विषाला, हे सगळं तिच्या ध्यानात राहायचं. मी वाचायला चुकलो की ती ओरडायची, “भाऊजी, काल वेगळं सांगितलं होतं तुमी.” एकदा दादाने सकाळी भाजीला नावं ठेवली. त्या संध्याकाळी वहिनीने योद्ध्याला अख्ख्या दलदलीतून लंगडत चालवलं. भाजी बरी होती असं त्याने चारचौघांत कबूल केल्यावरच औषध दिलं.

सुट्टी संपता संपता किल्ला सापडला. शेवटी पाटी आली, ‘पुढचा प्रवास दुसऱ्या भागात.’ ती वाचून दाखवायला नको होती, कारण मग दिवाळीपर्यंत मला सुख राहिलं नाही. घरून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप, भाग दुसरा आला काय? चाचांना त्यात भलं मोठं कुलूप हवं होतं, मास्तरांना नदी. वहिनीने फक्त विचारलं होतं की नवी झाडं असतील का.

दिवाळीला मी ती कॅसेट घेऊन आलो. मंडई जवळ आली होती, तालमी चालू होत्या, तरी सगळे दिवेलागणीलाच येऊन बसले. वहिनीने भात लवकर टाकला होता आणि ती आपल्या नेहमीच्या पाटावर, कळांच्या अगदी जवळ बसली होती. कॅसेट चिरकली आणि टीव्हीवर चित्र उमटलं.

“चित्र!” दादा ओरडला.

चित्रच होतं. जंगल, डोंगर, आणि मध्ये दाढीवाला एक माणूस. मी म्हणालो, हे रंगीत आहे, आपला टीव्ही काळापांढरा आहे म्हणून दिसत नाही. माणसाचे केस पिवळे आहेत हेही सांगितलं. चाचांनी वाकून पाहिलं.

“बाकी के किधर हैं?”

मी कळा दाबून पाहिल्या, कॅसेट उलटून पाहिली. बाकीचे नव्हते. दुसऱ्या भागात पार्ट एकच होता, आणि औषध-पाणी, कुलपं, जादू सगळं त्या एकानेच करायचं होतं. कुलपं तर फोडायचीच नव्हती, किल्ल्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. चाचांना हा वैयक्तिक अपमान वाटला. “चाबी दीवार पे? तो चोर क्या घास काटेगा?” मास्तरांना नदी मिळाली आणि ते खूश झाले. पण जंगलात एकच जातीचं झाड पुन्हा पुन्हा काढलंय हे दिसल्यावर त्यांनीही नाक मुरडलं. सागाचं पान माहीत नसलेल्या माणसाने हे काढलं असणार, असं त्यांचं मत पडलं. पहिल्या भागात चित्र नव्हतं, तेव्हा आम्हा प्रत्येकाचं जंगल आपापलं होतं. माझं तर सरळ मालेवाड्याच्या रस्त्यावरचं होतं.

वहिनी सगळं ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “माहा नंबर कवा येते, भाऊजी?”

“वहिनी, या भागात वैद्य नाही.”

“असं,” ती म्हणाली आणि भात बघायला उठली. तिची पाठ बघून मला फार वाईट वाटलं. कॅसेट मीच आणली होती, जणू तिचा पार्ट मीच कापला.

एकच पार्ट म्हणजे हिरो, आणि हिरो म्हणजे दादा, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. दादा रोज तालमीआधी बसायचा आणि पहिल्याच जंगलात लांडग्याच्या तोंडी जायचा. सवयीने “औषध!” म्हणून गरजायचा, मग आठवायचं की औषध देणारं कुणी नाही. वाटेतल्या झुडपांपैकी कुठलं तोडायचं हे त्याला ओळखू येईना, तो नुसता तलवार काढून पळत सुटायचा. चाचा आणि मास्तर खेळाला शिव्या घालायला रोज सगळ्यांच्या आधी यायचे आणि शेवटी उठायचे. पहिल्या भागाची सर नाही, असं म्हणत चहा प्यायचे. वहिनी आता पाटावर बसत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची आणि दादा चुकीच्या झुडपाकडे गेला की ओठ आवळून हसायची.

ते हसू एकदा दादाने पाहिलं. पहिल्या भागात नुसती ऐकलेली पानं तिला चित्रात ओळखू येतायत हे त्याच्या लक्षात आलं.

“अवं, कोनतं झुडूप ते सांग ना.”

“काऊन सांगू?”

“लांडगा मारून राह्यला मले!”

वहिनी दारातून हलली नाही. आवाजही चढवला नाही. “इतकी वर्सं घरात प्रॉम्टिंग केलं, तेवढं पुरे झालं. पार्ट देत असान तं सांगा.”

चाचांनी कप खाली ठेवला. आमच्या गावात कुणी कुणाकडे पार्ट मागत नसे, आणि हिरोकडे हिरोचा पार्ट मागणं तर ऐकिवातच नव्हतं. दादाचं तोंड लाल झालं. तो पुन्हा खेळला, पुन्हा मेला. पुन्हा खेळला, आणि यावेळी लांडगा यायच्या आधीच ओढ्यात पडला. मग बराच वेळ काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बघत बसला. मला वाटलं, आता हा उठून तालमीला निघून जाणार आणि घरात आठवडाभर अबोला.

तो उठला, पण गेला नाही. टीव्हीशेजारी उभा राहिला, शर्ट खाली ओढला, हात जोडले आणि मंडईच्या रात्रीचा तो घुमणारा आवाज लावला.

“रसिक प्रेक्षकहो! काही अपरिहार्य कारणास्तव आज नायकाची भूमिका आमचे नेहमीचे नट करणार नाहीत. ती भूमिका सादर करत आहेत...” आणि त्याने वहिनीचं पूर्ण नाव घेतलं. तिचं, मग स्वतःचं, मग आडनाव. ते नाव मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पण चाचा आणि मास्तरांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ती त्यांच्यासाठी नुसती वहिनी होती. “गैरसोयीबद्दल मंडळ दिलगीर आहे,” दादा म्हणाला आणि चटईवर मागे जाऊन बसला.

वहिनी आली. पाट ओढला, पदर खोचला. पळापळ नाही, तलवार नाही. आधी सावकाश झुडपांपाशी फिरली, पानं गोळा केली, मग लांडग्याला सामोरी गेली. त्याने चावा घेतला, हिने पान लावलं. त्याने पुन्हा घेतला, हिने पुन्हा लावलं. शेवटी लांडगाच कंटाळून मेला. मास्तरांनी टाळी वाजवली. ती ओढा ओलांडून, डोंगर चढून, दादाने कधी न पाहिलेल्या झुलत्या पुलापर्यंत गेली. आम्ही सगळे गुडघ्यांवर आलो होतो. पुलाच्या मधोमध एक फळी निसटली आणि तो दाढीवाला माणूस हातपाय झाडत सरळ दरीत गेला.

वहिनीचा हात कळेवरच राहिला. ती वळून बघेना. आणि मागून, चटईच्या अगदी शेवटच्या टोकावरून, मंडईतल्या मागच्या रांगेतून यायचा तसा दादाचा आवाज आला,

“वन्स मोअर!”