शुक्रवारचा तुंडू

आमच्या तंजावुरात बायकांचं तेल लावून न्हाणं शुक्रवारी. शिकेकाईनं केस धुवायचे, त्यांवर घट्ट तुंडू, म्हणजे पंचा, गुंडाळायचा आणि मगच काप्पी, म्हणजे कॉफी. परवाच्या शुक्रवारी सूनबाई अशीच न्हाऊन आली, तीन महिन्यांच्या लेकीला घ्यायला वाकली, आणि पोरीनं असं भोकाड पसरलं की राजवाड्यावरचे पारवे उडाले असतील. माझ्याकडे आली नि गप्प.

"आई, ही मला विसरली हो!" सून म्हणाली. सोमवारपासून तिला पुन्हा शाळेत शिकवायला जायचं होतं. "घरी असताना ओळखत नाही, मग तर काय!"

मला कारण ठाऊक होतं. पण नातीनं आईला सोडून आपल्याला धरावं, ही चैन कुणाला नको? "होतं असं कधीकधी," मी गंभीर तोंड करून म्हटलं. मग तिचे डोळे भरलेले दिसले आणि मला माझंच ध्यान आठवलं; ते मी तिला सांगून टाकलं.

पंचविशीत मीही अशीच तुंडू बांधून उभी होते. माझा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, मला बघून किंचाळला नि सासूबाईंच्या मांडीवर शांत झाला. आमची अक्कल काय सांगावी! सासूबाईंनीच पोर फितवलं, असं मी ठरवून टाकलं. पिशवी भरली, पापनाशमला माहेरी निघाले. पिशवीत माझ्या चार साड्या, पोराचा एक लंगोटही नाही. नेणार होते कुणाला, देव जाणे.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "जा गो, जा. तुंडू तेवढा ठेवून जा, घरचा आहे."

मी तो रागानं ओढून फेकला. पोरानं आधी माझ्या कपाळावरच्या केसांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि खुदकन हसलं.

"एवढ्याशा पोराला नाकडोळे कुठले कळतात? केसांची कड बघून आई ओळखतंय ते. कड झाकलीस, की तू कुणीतरी बाई!" सासूबाई म्हणाल्या.

पिशवी मी गुपचूप रिकामी केली.

एवढं ऐकून सुनेनं डोक्याचा तुंडू सोडला. नात टकमक बघत राहिली आणि मग आईकडे बघून बोळकं पसरून हातपाय उडवायला लागली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला रडू दिलंत?" म्हणत सुनेनं तो ओला तुंडू माझ्याच डोक्याला करकचून बांधला.

बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे बघावं, तसं नातीनं माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरले.

"बघा!" म्हणत सून लेकीला घेऊन काप्पी प्यायला गेली. मी घाईघाईनं तुंडू सोडायला गेले, तर गाठ सुटेना.