मिठाच्या राज्यातली नदी

मामेभावाची फजिती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि त्या संध्याकाळी मला फार दिवसांनी नीट भूक लागली.

अकरावी-बारावीला मी यवतमाळला मामाकडे राहिले. आमचं गाव बोरी अरबच्या पुढे, घरी कापूस आणि तूर. मामाचं हार्डवेअरचं दुकान. शेती त्याच्याकडे गुंठाभरही नाही. मामेभाऊ माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणायची. त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एका गेम-मालिकेचे तीन भाग होते. राक्षस, तलवारी, जादू आणि प्रत्येक भागात नवं राज्य. ही राज्यं एकमेकांशी कुठे जोडलेली आहेत, हे गेम बनवणाऱ्यांनी सरळ कुठेच सांगितलं नव्हतं. त्यावरून खेळणारे इंटरनेटवर हमरीतुमरीवर यायचे. कोणी म्हणे, ही समुद्रापलीकडची वेगळाली राज्यं. कोणी म्हणे, जमीन एकच, काळ वेगळा.

दादा फक्त मारामारीसाठी खेळायचा. गेममधलं कोणी म्हातारं माणूस बोलायला लागलं की हा बटण दाबून पुढे. तो दुकानात गेला की मी बसायची आणि सगळं थांबून ऐकायची, भिंतींवरचं वाचायची.

तिसऱ्या भागातल्या पांढऱ्या वाळवंटाला आम्ही मिठाचं राज्य म्हणायचो. तिथून चालताना मला एकदम आमचं वावर आठवलं. वावराच्या मधून पूर्वी नाला वाहायचा. आजोबांच्या काळात एका पुरात तो सरकला, पण जुन्या पात्राच्या पट्ट्यात नांगराला अजून गोल गोटे लागतात आणि तिथली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खुजीच राहते. मिठातही तसाच पट्टा होता. गोल गोटे, दोन्हीकडून उतरता काठ, पुढे एक मोठं वळण. पहिल्या भागातल्या राजधानीला वळसा घालणारी नदी अगदी अशीच वळायची.

दादा आल्यावर मी त्याला दाखवलं. "नदी सरकली तरी पात्र मागं राह्यते. हे पहिलंच राज्य आहे, दादा. पाणी गेल्यावरचं."

"वावरातलं ग्यान इथं नको आणू," तो म्हणाला आणि हसत जेवायला गेला.

थोड्याच दिवसांत त्याच्या चॅनलवर व्हिडिओ आला. नदी, गोटे, वळण, सगळं माझं, माझ्याच क्रमाने. आणि मध्येच गंभीर चेहरा करून म्हणतो, "हमारे खेत में एक नाला है, दोस्तों." लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. सिद्धांत चोरला ते एक झालं. या माणसाने माझ्या बापाचं वावरसुद्धा नेलं होतं.

मी जाब विचारला. मामी म्हणाली, भावानं घेतलं तर काय बिघडलं. दादा मोबाइलवरून मान वर न करता बोलला, "तू बोलली, पण मांडलं मी. तुह्या तोंडून कोनं आयकलं असतं?"

ते वाक्य मी जपून ठेवलं. फार्मसी केली, घाटंजीला मेडिकलमध्ये नोकरीला लागले, स्वतःचा लॅपटॉप घेतला, आणि चौथा भाग आला तेव्हा तो शेवटपर्यंत खेळले. हे बर्फाचं राज्य. तिथल्या होड्यांच्या टोकाला एक पक्षी कोरलेला होता आणि दुसऱ्या भागातल्या जंगलाच्या राज्यातल्या होड्यांवरही तोच पक्षी. कुणालाही वाटावं, ही एकाच तळ्याच्या दोन काठांवरची राज्यं. पण शेवटच्या देवळात एक नावाडीण भेटते. तिचं बोलणं न तोडता ऐकलं तर ती सांगते की जंगलातले लोक होड्या घेऊन समुद्र ओलांडून इथे पळून आले. निघालेले पोचले नाहीत, त्यांची नातवंडं पोचली. तळं-बिळं काही नाही.

महालक्ष्मीच्या जेवणाला मामाकडे गेले तेव्हा दादा शेजारीच बसला होता. मी सहज विषय काढला. होड्या सांगितल्या, पक्षी सांगितला, त्याची चोच कशी वाकलेली आहे तेही सांगितलं. "म्हणजे मंधात तळं असंन," तो म्हणाला. मी म्हटलं, पुढं ऐक. तो हात धुवायला उठला होता.

एका रविवारी दुपारी त्याने लाइव्ह घेतलं. तळ्याचा नकाशासुद्धा काढून आणला होता. वाहवा चालली होती. मी माझ्या पूर्ण नावाने लिहिलं, "शेवटच्या देवळातली नावाडीण काय म्हणते?"

तो म्हणाला, असं कोणी पात्रच नाही. मी देवळाचा रस्ता लिहून दिला. बघणाऱ्यांपैकी एकाने तिथे जाऊन नावाडिणीचं बोलणं सर्वांना ऐकवलं. मग लोक विचारू लागले, भाऊ, तुम्ही गेम पूर्ण खेळला तरी आहे का? तो हसण्यावारी नेत होता, कपाळ पुसत होता. त्यात मी आणखी एक प्रश्न टाकला: नाल्याचं वावर कोणत्या गावाला आहे, तेवढं सांग. त्याने लाइव्ह बंद केलं.

पाचच मिनिटांत फोन आला. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू अर्धं आयकूनच उठला."

मामीने आईला फोन करून पुष्कळ ऐकवलं. पोराची चारचौघांत इज्जत घालवली, म्हणाली. आई माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. माफी माग, एवढंच म्हणायची. मी मागितली नाही. आता मामाकडून महालक्ष्मीचं आवतन येत नाही. तिथली आंबील मला फार आवडायची, ती चुकते.

दादा सध्या क्रिकेटच्या गेमचे व्हिडिओ करतो, बरे चाललेत म्हणे. मी बघत नाही. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नसलं की मी इंटरनेटवर नांदेडच्या एका माणसाशी वाद घालत बसते. त्याचं म्हणणं, मिठाच्या राज्यात नदी नव्हतीच, खाडी होती. त्याला अजून पटवता आलेलं नाही, पण तो माझं बोलणं पुरतं ऐकून घेतो.