राणोजीरावांच्या सहीचा चाकू

पुण्याहून डिप्लोमा घेऊन मी मद्रासजवळच्या अंबत्तूरला आलो, तेव्हा गुणवत्ता तपासणी म्हणजे काय हे मद्रासला मीच पहिल्यांदा सांगणार, अशी माझी समजूत होती. साल १९८२. औद्योगिक वसाहतीतल्या एका मागच्या गल्लीत आमचा चाकूंचा कारखाना होता. तीस-पस्तीस माणसं, दोन प्रेस, चार पॉलिशची चाकं आणि दारात मालक राममूर्तींची खिळखिळी स्कूटर, एवढाच पसारा. घडी करून खिशात ठेवायचा, शिसवी मुठीचा जुन्या धाटणीचा चाकू आम्ही बनवायचो. तमिळमध्ये त्याला पेनाकत्ती म्हणतात. आंब्याची कलमं बांधणारे माळी, केळीची पानं विकणाऱ्या बायका, वायरमन, अशी आमची गिऱ्हाइकं.

राणोजीराव तिथले तपासनीस. तंजावरकडचे मराठी, तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्यांपैकी. पन्नाशी उलटलेली, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर ठसठशीत कुंकू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमी पुण्याचे काय? मग तुमचं मराठी अस्कं असं घाईचं कां?" अस्कं म्हणजे सगळं. मी हसलो. मनात म्हटलं, यांचं मराठी तर आमच्या पणजोबांनीही टाकून दिलं असेल. तेव्हा मी असाच होतो. आपलं ते शहाणपण, दुसऱ्याचं ते जुनाट.

त्यांची तपासणी बघण्यासारखी होती. पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून ते चाकू अर्धा उघडायचे, थांबायचे, मग पूर्ण उघडायचे. स्प्रिंग चांगली असली तर टक् असा एक भरीव आवाज येतो. मिटताना पातं शेवटच्या बोटभर अंतरात आपणहून आत ओढलं गेलं पाहिजे. मग चाकू कानाशी धरून हलवायचे. पातं सैल असलं तर बारीक खुळखुळ येते, ती फक्त त्यांनाच ऐकू यायची. शेवटी उजेडाकडे धरून फट बघायची. एका चाकूला दहा सेकंदं. चांगला तो उजवीकडे, बाद तो डावीकडे. टेबलावर खूण नाही, खोकं नाही, काही नाही. शेजारच्या खुर्चीवर कृष्णवेणी बसायची. ती उजवीकडचे चाकू तेलकागदात गुंडाळून डबीत भरायची आणि डावीकडचे दुरुस्तीच्या पोत्यात टाकायची.

आमच्याकडे चाकू कुणी कुणाच्या हातात देत नसे. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, ही समजूत तिथल्या तमिळ माणसांचीही आणि राणोजीरावांचीही. त्यामुळे जो तो चाकू टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्यानं तो तिथून उचलायचा. 'हा घे, हा चांगला आहे' असं कुणी कधी बोललंच नाही. कुठे ठेवला, तोच निकाल.

प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असे. चाकू बिघडला तर पत्र टाका, बदलून देऊ, आणि ज्यानं तपासला तो स्वतः घेऊन येईल, असं तीवर तमिळमध्ये छापलेलं. हा राममूर्तींच्या वडिलांचा नियम. खाली राणोजीरावांची सही, तीही मोडीत. मद्रासमध्ये ती वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि त्यांत मी नव्हतो. सकाळी आल्या आल्या ते गठ्ठाभर चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायचे. त्या नियमापायी अकरा वर्षांत त्यांना फक्त दोनदा प्रवास करावा लागला होता, आणि दोन्ही वेळा दोष गिऱ्हाइकाचाच निघाला होता. एकानं चाकूनं डब्याचं झाकण उचकटलं होतं. हे ते इतक्या वेळा सांगायचे की कामगार त्यांची नक्कल करायचे. त्या माणसाजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत दोन खोल्या, मूलबाळ नाही, बायको राजसबाई. आपल्या हातून वाईट चाकू बाहेर जात नाही, एवढीच त्यांची इस्टेट.

मी आल्यावर सहा महिन्यांत मालकांपुढे भाषणच ठोकलं. कानानं तपासणी हे शास्त्र नव्हे, स्प्रिंगचा ताण मोजायला यंत्र हवं, चांगल्या-बाद मालाला हिरवे-तांबडे ट्रे हवेत. मालकांनी मान डोलावली आणि काहीच घेतलं नाही. राणोजीराव मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "बाळकृष्णराव, यंत्र येऊ द्या. अमी दोघं मिळून तपासूं, तें आणि मी." मला ते टोमण्यासारखं वाटलं. आता वाटतं, ते मनापासूनच म्हणाले होते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कृष्णवेणीच्या मुलीचं लग्न निघालं. ती तीन दिवस रजेवर गेली. तिच्या जागी मी पॉलिशवरच्या कनकाला बसवलं. आणि बसवताना माझ्यातला डिप्लोमा जागा झाला. पॅकिंगची बाई तपासनिसाच्या शेजारी बसते, मग त्यांच्या पलीकडचा माल घ्यायला उठून वळसा घालते, केवढा वेळ वाया! मी कनकाची खुर्ची राणोजीरावांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे मांडली. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिला बजावलं: तुझ्या उजव्या हाताचे डबीत, डाव्या हाताचे पोत्यात.

समोरासमोर बसलं की एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं होतं, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

राणोजीराव मान खाली घालून काम करायचे, आवाज ऐकताना तर डोळे मिटूनच. कनकानं माल उचलला तो ते डबा खायला गेल्यावर आणि संध्याकाळी ते बस धरायला निघाल्यावर. दुर्दैव असं की त्या दिवशी आलेल्या स्प्रिंगांच्या पोलादातच खोट होती. दोन ग्रोसांपैकी, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी चाकूंपैकी, निम्म्याहून जास्त माल त्यांनी बाद केला. संध्याकाळी अंगठा चोळत मला म्हणाले, "आज मोठं वाईट लोखंड आलंय, पुढचं पोतं उघडूं नका." स्प्रिंगांचं ते पोतं मी परत पाठवलंही. दीडशेच्या आसपास डब्या भरल्या गेल्या होत्या, मागणीही तेवढीच होती. कुणाला काही खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली म्हणून तपासणी बंद, मग रविवार, मग कृष्णवेणी आली आणि आपली खुर्ची ओढून पुन्हा जुन्या जागी बसली. एकच दिवस. सगळं त्या एका दिवसात झालं.

पाच आठवड्यांनी सेलमकडच्या एका आंबा बागायतदारांच्या सोसायटीचं पत्र आलं. सोबत आमचे अकरा चाकू परत. कलम बांधताना चाकू आपोआप मिटतो, एका माळ्याच्या तर्जनीचं टोक गेलं, असं लिहिलेलं. मालकांनी ते अकरा चाकू राणोजीरावांसमोर टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक उघडला, मिटला, कानाशी नेला. डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटचा चाकू खाली ठेवून म्हणाले, "अस्के बाद अहेत. मी कसे सोडलों हे?"

मी पोत्याकडे गेलो. दुरुस्तीचं काम नेहमीच तुंबायचं, त्यामुळे जूनचं पोतं जिन्याखाली तसंच पडून होतं. एक चाकू काढून उघडला. टक्. दुसरा. टक्. राणोजीराव गेली बारा वर्षं जो आवाज ऐकत होते, तो त्या दिवशी मलाही स्वच्छ ऐकू आला. खाली बसून मी वीस-पंचवीस चाकू उघडले. मग ती समोर मांडलेली खुर्ची डोळ्यांपुढे आली.

तेव्हाच वर जाऊन सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण माझी नेमणूक कायम व्हायची होती, पुण्याला लग्नाची बोलणी चालू होती, आणि ज्याच्या कानाला मी मालकांपुढे नावं ठेवली त्याचा कान खरा आणि माझं शास्त्र आंधळं, हे कबूल करायची माझी छाती झाली नाही. कारणं सांगतोय, ती पुरेशी होती असं म्हणत नाही. ते पोतं मी स्वतः चांगल्या मालात मिसळलं. संध्याकाळी राणोजीरावांनी विचारलं, "त्या वाईट लोखंडाच्या दिवशींचे बाद चाकू कोठें अहेत? एकदां बघतों." मी म्हटलं, "ते दुरुस्तीवाल्या मानाजीनं कधीच दुरुस्त करून टाकले." त्यांनी मान हलवली. मानाजीला विचारायलाही गेले नाहीत. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

नियमाप्रमाणे ते सेलमला गेले. नवे चाकू घेऊन, दोन बस बदलून. आल्यावर मला एकट्याला सांगितलं. माळ्याच्या झोपडीपुढे त्यांनी नवा चाकू जमिनीवर ठेवला आणि हात जोडले. माळ्यानं नुसतं बोट पुढे करून दाखवलं. "चाकू मात्र उचलला नाहीं त्यानं," राणोजीराव म्हणाले. "मी घटकाभर थांबलों. मग निघालों."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्यांवर सही केली नाही. मालकांना म्हणाले, बोटं म्हातारी झाली, मला सोडवा. मालक संतापलेच होते. ते त्यांना घरी बसवायलाच निघाले होते. तेव्हा मी मध्ये पडलो. इतकी वर्षं काम केलंय, फाटकावर हजेरीला बसवा, अशी गळ घातली. कामगारांत माझं केवढं कौतुक झालं! पुणेरी असून मनानं चांगला निघाला म्हणाले. राणोजीरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो सोडवून घेतला आणि कामाचं निमित्त करून आत गेलो.

त्यानंतर तीन वर्षं रोज सकाळी फाटकात ते मला नमस्कार करायचे. मी आधी घाईघाईनं उत्तर द्यायचो, मग मागच्या दारानं यायला लागलो. तपासणी माझ्याकडे आली. यंत्रही आलं, हिरवे-तांबडे ट्रेही आले. परत येणारे चाकू मात्र वाढले आणि त्यांच्यासोबतची पत्रंही. मी उत्तरं लिहायचो: चाकूला पाणी लागलं असेल, आपण चाकू चुकीच्या कामाला वापरला असेल. गिऱ्हाइकाकडे कुणी जायचं नाही, असं मीच ठरवून टाकलं. पुढे स्वस्तातले प्लास्टिकच्या मुठीचे चाकू बाजारात आले आणि कारखाना मिटला. त्याचं खापरही मी बाजारावर फोडून मोकळा झालो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मद्रासबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका मोटारीच्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो. नव्या पोरांना शिकवताना फळ्यावर एक टेबल काढलं, दोन बाजूंना दोन माणसं काढली आणि म्हटलं, अशी चूक होऊ शकते. एका मुलीनं विचारलं, "सर, असं खरंच कुठे झालं होतं का?" मी म्हटलं, उदाहरण आहे. त्या रविवारी आंब्यांची करंडी घेऊन मी तिरुवल्लिकेणीला गेलो.

राणोजीराव ओसरीवर बसले होते. वाळलेले, पण कपाळावर कुंकू तसंच. मला बघून धडपडत उठले. "राजसा, बघ कोण आलेत! बाळकृष्णराव!" राजसबाई बाहेर आल्या. त्यांनी मला याआधी एकदाही पाहिलं नव्हतं, तरी वाकून नमस्कार केला. मी करंडी पुढे केली. राणोजीरावांनी ती त्यांच्याकडे सरकवली. "तूच बघ, पिकलेत काय. मला कळत नाहीं." राजसबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे असेच. भाजीही मीच निवडून आणतें. हातानं दाबून बघा म्हटलं तर नकों म्हणतात."

मग मी सांगितलं. खुर्ची, कनका, उजवं-डावं, पोतं, खोटं बोललो ते, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. "तुमच्या बोटांनी एकही वाईट चाकू सोडला नव्हता. चूक माझी होती," असं म्हटलं.

माझं संपल्यावर राणोजीरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी भले मनुष्य," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झालीं, तरी म्हाताऱ्याचं मन राखायला इतक्या लांबून आलात, स्वतःवर दोष घेट्लात. असं कोण करतं?"

"नाही राणोजीराव, हे खरं आहे. शपथ घेतो."

"शपथ नकों. मला त्या वेळीं नोकरींत कोण ठेवलं, तें माझ्या ध्यानांत अहे. ते अकरा चाकू मी माझ्या कानानं ऐकट्लों. बाद होते. माझ्या सहीचे होते." मग आत वळून, जरा मोठ्यानं म्हणाले, "राजसा, कापी आण. सांगत नव्हतों, हे कसे अहेत तें?"

राजसबाईंनी पितळी डबऱ्यात, तिकडच्या खोलगट वाटीत, पेला ठेवून कॉफी आणली. माझ्यासमोर पेला ठेवताना त्या म्हणाल्या, देवाला दिवा लावते तेव्हा तुमचंही नाव घेते हो. मी खाली बघत कॉफी संपवली. पुन्हा एकदा सांगून पाहिलं. राणोजीराव हसले आणि त्यांनी माझ्या मुलांची चौकशी सुरू केली.