डब्यातला धवला

धवलारीण काकीला लग्नातून मीच वगळलं. धाकट्या भाचीचं लग्न, कोरोनाची साथ, परवानगी पन्नास माणसांची. व्हिडिओवाला ठेवला, त्याचा मदतनीसही ठेवला. आमच्याकडे जिच्या गाण्याशिवाय लग्नाचा एक विधी पुढे सरकत नाही, ती म्हातारी बाहेर. वर स्वतःच्या हुशारीचं कौतुक. थोरल्या भाचीच्या हळदीतला काकीचा धवला मी मोबाईलमध्ये भरून घेतला होता. म्हटलं, गाणं तेच, माणूस एक कमी.

हळदीला स्पीकर लावला. काकीचा आवाज घुमला, नवरी पाटावर बसली. मग धवल्यात नवरानवरीची नावं आली. ती घ्यावीच लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्पीकरनं थोरलीचं नाव घेतलं आणि तिच्या नवऱ्याला पुन्हा हळदीला बोलावलं. जावईबापू मांडवातच वडे खात होते. घास हातातच राहिला.

‘न्या त्याला,’ थोरली म्हणाली, ‘पन परत आनू नका.’

मास्क गळ्यात आले, मांडव लोटपोट झाला. मीही पोट धरून हसत होतो, नवरी पाटावरून उठेपर्यंत. काकी आल्याशिवाय ती हळद लावून घेणार नव्हती.

काकी शेजारच्याच ओटीवर होती. सोबत गाणाऱ्या दोघी. तिघी तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. मला पाहून काकी थांबली.

‘डबा लगीन लावतं काय रं, बाला? आन् माजा गला त्यान भरलास, तो कुनाला इचारून?’

आजूबाजूच्या गावांतही असेच डबे वाजायला लागले होते, सोबतिणींनी सांगितलं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. काकीनं तिथंच ठरवून घेतलं : गाणं तिच्यासमोर पुसायचं, आणि साथ असेतो गावातल्या प्रत्येक लग्नात धवलारणी आधी मोजायच्या, मग बाकीचे. मी पुसलं. माझ्यामागोमाग आलेल्या नवरीच्या बापानं मान डोलावली.

‘आता आमच्यापायी कोन जातंय भायेर?’ काकीनं विचारलं.

मी, व्हिडिओवाला आणि त्याचा मदतनीस कुंपणापलीकडे जाऊन उभे राहिलो. आत धवला सुरू झाला, नावं बरोबर आली. मग काकीनं चालीतच मलाही गुंफलं : कुंपणाशी कोण गं उभा, डब्याचा मामा उभा. बाया कडव्यामागून कडवी वाढवत गेल्या. व्हिडिओवाला हसून खाली बसला. मला लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

काकी पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी कुंपणावरून वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘काकी, चुकलू मी. तुजा गला तुला न इचारता घेतला, आन् तुलाच भायेर ठेवली.’