मामीच्या खोलीतली परीक्षा

कुवेतमध्ये मी जेमतेम सुट्टीपुरता राहिलो. तेवढ्यावर प्रवासवर्णन लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. मनोरे आणि मॉल मी पाहिले, पण ते तुम्ही फोटोत पाहिले असतील. मला मर्सीबद्दल सांगायचं आहे.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. मामू मला गाडीने अबू हलीफा या समुद्राकाठच्या वस्तीत घेऊन आले. खाली त्यांची बकाला (किराणा दुकान), वर घर. गच्चीवरून समुद्र दिसतो. आमच्या रत्नागिरीच्या समुद्रासारखा तो गाजत नाही, गप्प पडून असतो.

मर्सी त्याच इमारतीत राहते. ती केनियाची. जवळच्याच एगैला भागातल्या मॉलमध्ये मोबाइल विकते आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकते. घरी अडचण आली म्हणून तिचं तिकडचं कॉलेज अर्धवट सुटलं होतं. मीही कॉम्प्युटरच शिकतो हे कळल्यावर दुकानाच्या पायरीवर रोज संध्याकाळी आमची उजळणी सुरू झाली.

“गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणतं, ज्याला कळतं त्याला बोलाव,” ती हिंदी-इंग्रजी मिसळून सांगायची. “काळी बाई म्हणजे फरशी पुसणारी, एवढंच त्यांना माहीत. अरे, मला कळतं ना!”

“घरात कॉलेजला गेलेली तूच पहिली?” मी भीत भीत विचारलं.

“पहिली. आणि तू?”

“मीही.”

“मग आपण दोघांनी नापास व्हायचं नाही.”

तिची परीक्षा जवळ आली होती. पास झाली तर एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचं काम मिळणार होतं. नाही तर इकामा (राहण्याचा परवाना) संपला की परत जायचं. परीक्षा ऑनलाइन होती, कॅमेऱ्यातून परीक्षक बघत राहणार आणि खोलीत दुसरं कोणी दिसता कामा नये. मर्सीच्या खोलीत तर पलंगाला पलंग लागलेले.

मामी म्हणाली, “जुम्म्याला बाप्ये नमाजला जातात, घर मोकळं असतं. माझी खोली घे, बाय.”

शुक्रवारी मर्सीने दवाम (कामाची पाळी) बदलून घेतला. “मामी, दो घंटे बात नहीं,” तिने बजावलं. मामीने ओठांवर बोट ठेवलं.

नमाजहून मी मामूंच्या आधी परतलो. चपला काढतो तोच मामी स्वयंपाकघरातून ताट घेऊन निघालेली दिसली. भाकरी आणि तळलेली झुबैदी (आपलं पापलेट). चवड्यांवर चालत, श्वास रोखून! मी हाताने नको नको करेपर्यंत ती दार ढकलून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

परीक्षा थांबली. चौकशी होईल, एवढीच ओळ पडद्यावर उरली.

“मी एक शब्द तरी बोलले काय?” मामी रडवेली झाली. “पोर सकाळपासून उपाशी होती रे!”

मला वाटलं, आता मर्सी ओरडणार. तिने डोळे पुसले आणि ताट जवळ ओढलं. “मामी, बैठो. अकेले नहीं खाऊँगी.”

जेवण झाल्यावर तिने परीक्षकांना लिहिलं: ‘त्या माझ्या मामी आहेत. त्यांनी मला उत्तर दिलं नाही, मासा दिला.’

उत्तर येण्याआधी माझी सुट्टी संपली. गावात सगळे विचारत, काय पाहिलंस? मी मनोऱ्यांचं सांगायचो. पण आता अभ्यासाला बसलो की आई न बोलता दार ढकलून आत येते, चहा ठेवून जाते, आणि मला ते ताट आठवतं. आमच्यासारख्यांच्या परीक्षेला घरातलं कोणी ना कोणी असं आत येतंच, असं मला वाटतं.

काल फोनवर मामीचा आवाज आला. “इम्रान, त्यांनी पोरीला परत बसू दिलं! ह्या खेपेला मी जिन्यात बसून राहिले, चूल पेटवलीच नाही. पास झाली रे! कंपनीने बोलावलंय!”

आणि मागून मर्सी ओरडली, “इम्रान, अब तुम!”