काचेपलीकडचा हात

त्याने नाव सांगितलं होतं, पण माझ्या लक्षात राहिला तो त्याचा हात, जो मला दिसलाच नाही.

माउंट रॉस्किलच्या आमच्या घरासमोर एक डेअरी आहे, म्हणजे दूध-पावाचं कोपऱ्यावरचं दुकान. तिथे चोरी झाली. दिवेलागणीला खिडकीतून शेजाऱ्याला तिथून पळताना पाहिलं, असं मी पोलिसांना सांगितलं आणि शेजारी कोठडीत गेला.

मग त्याच्या वकिलाने नेमलेला हा तपासनीस आला. ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार केला, न सांगता दाराशी बूट काढले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसता खिडकीकडे बघत बसला. अंधारून आलं तसा उठला.

“रोज करता तसंच करा,” म्हणाला आणि बाहेर गेला.

मी लाइट लावला, खिडकीतल्या देवांपुढे समई लावली, हात जोडले, वर पाहिलं. काचेत ज्योत तरंगत होती, तिच्यामागे माझाच चेहरा. त्याच्यापलीकडे नुसता निळा अंधार. तो दिसेल म्हणून मी थांबून राहिले. शेवटी दारच वाजलं.

“डेअरीपाशी उभा राहून मी कधीचा हात हलवत होतो,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही खोटं बोलला नाहीत. काहीतरी हललं असेलच. त्याला शेजाऱ्याचा चेहरा मात्र तुम्ही दिलात.”

मी जबाब बदलला. शेजारी घरी आला.

अजूनही समई लावली की मी काचेकडे बघून हात हलवते. बाहेर कोणी नसेलही. पण दिसत नाही एवढ्यावरून मी आता ‘कोणी नाही’ असं म्हणत नाही.