सरकीवरची गिरकी आणि एक मिशी

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो. तिथला सरकीचा ढीग एवढा उंच, की वर चढलं की तिगावच्या स्टेशनावर कोण चहा पितंय ते दिसायचं. खोटं वाटत असेल तर तिगावला जाऊन विचारा.

माझं लग्न आठ दिवसांवर आलेलं, मुलगी सौसरची. फौजेतले जिजाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्यासाठी सुट्टी काढून आले आणि फाटकाजवळच्या टपरीवर बर्फाच्या गोष्टी सांगत बसले. तिकडे म्हणे लोक पायांना फळ्या बांधून घसरतात. त्यातला एखादा अवली फळीच्या टोकावर भार देतो, मागची बाजू उचलतो आणि पोळीवर लोणी फासावं तसा गरकन फिरतो.

"त्यात काय? सरकीवर मी करून दाखोतो," मी म्हटलं.

"साळेबुवा, पडले तं मिशी उतरवा लागन."

"अन् नाही पडलो तं तुमची! लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्याइसमोर!"

बोलून बसलो. आमच्याकडे बाप गेला की पोरगा मिशी उतरवतो. बिनमिशीचा नवरदेव पाहून सौसरकरांनी वाजंत्री थांबवून रडायलाच सुरुवात केली असती. वडील म्हणाले, "मी जित्ता हाओ नं बे? मले कायले मारून राहिला?"

सरावासाठी पहिल्या फळ्या बंडी, म्हणजे बैलगाडी, बनवणाऱ्या सुताराकडून आणल्या, सागाच्या, माझ्याहून उंच. मजबूत तेच चांगलं, ही आमची बंडीची अक्कल! टोकावर भार दिला, पण साग वाकेल तर शपथ. टोक सरकीत रुतलं आणि मी विजेच्या खांबासारखा तोंडावर. चार दिवस कानातून सरकी निघत होती आणि सरकीच्या वासाने गावभरच्या म्हशी माझ्या मागे.

मग संत्र्याच्या पेटीच्या पट्ट्या बांधल्या. त्या इतक्या वाकल्या की अर्ध्या वाटेतच कडाडून मोडल्या.

आता सुताराला दया आली. "तुयं लाकूडच चुकून राहिलं. टोक वाकलं पाह्यजे, पायाखाली ताठ राह्यलं पाह्यजे." त्याने बांबू चिरला, माझ्या छातीएवढाच ठेवला, टोकाकडे तासून पातळ केला, आणि कडा रुतू नयेत म्हणून कानशीने गोल केल्या. मी पाय पार मागे बांधायचो, त्यामुळे टोकावर भार पोचतच नव्हता. त्याने ते सायकलच्या ट्यूबने मधोमध आवळले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे हमाल डबे घेऊन ढिगाभोवती बसले. मी निघालो. अर्ध्यावर चवडे दाबले, बांबू धनुष्यासारखा वाकला, मागची टोकं उचलली गेली... डोळ्यांपुढून एकीकडचं सावरगाव, दुसरीकडचं मोहगाव, पुन्हा सावरगाव, पुन्हा मोहगाव! हमाल म्हणतात गिरकी एकच झाली. मी साडेतीन मोजल्या. पण खाली उभा राहिलो, यावर सगळ्यांचं एकमत.

आई कळवळली, "जावयाची मिशी कोनी उतरोते का बे?" पण फौजी माणूस, शब्दाला पक्का. थेट न्हाव्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सौसरच्या मांडवात माझ्या मिशीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जो तो जिजाजींचा हात धरून मान हलवत होता. मोहगावची एक मावशी तर बहिणीच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. ते पाहून पहिल्या पंगतीत बसलेले बहिणीचे सासरे, म्हणजे जिजाजींचे वडील, हातातला तिसरा लाडू तसाच धरून घाबरून विचारू लागले, "कोन गेलं बाप्पा?"